लिस्बनहून जाऊन सांतियागोची पायी यात्रा, शेवटचा भाग: आठ दिवस, 350 युरो, जमेल का?

साखळीकर
नमस्कार मंडळी. मूळ साखळीचा, सध्या नोकरीसाठी लिस्बनला. पासपोर्ट भारतीय, पोर्तुगालचं रहिवासी कार्ड आहे. एप्रिलअखेर आठ दिवस रजा आहे आणि खर्चाला 350 युरो. पोर्तुगीज कामिनोचा, म्हणजे पोर्तुगालमधून स्पेनमधल्या सांतियागोला जाणाऱ्या यात्रामार्गाचा, शेवटचा भाग चालायचा विचार आहे. कार्डावर स्पेनला जाता येतं का? रोजचा खर्च किती धरावा? मी शाकाहारी आहे, तिथे खायला काय मिळेल? पंढरीच्या पायी वारीत दिंडी जेवू घालते, इथे तसं काही नसणार.

म्हापशेकर
कार्ड चालू मुदतीचं असेल तर वेगळा व्हिसा नको. पोर्तुगाल सोडून बाकीच्या शेंगेन (सामायिक व्हिसाच्या युरोपीय) देशांत मिळून कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवस फिरता येतं. पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही मूळ प्रत जवळ ठेवा, मोबाईलमधला फोटो धरत नाहीत.
घोळ होतो तो नूतनीकरणात. कार्ड संपलंय आणि हातात फक्त आयमाची (पोर्तुगालच्या स्थलांतर कार्यालयाची) पावती आहे, तर ती पोर्तुगालच्या हद्दीत उपयोगाची. स्पेनच्या पोलिसांनी ती मानावीच असं नाही. वालेंसाच्या सरहद्दीवरच्या पुलावर सहसा कुणी अडवत नाही, म्हणून लोक निर्धास्त होतात आणि पुढे बसमध्ये तपासणी झाली की अडकतात.
सोशल सिक्युरिटीत नोंद असेल तर युरोपीय आरोग्य कार्डासाठी आजच अर्ज टाका. फुकट असतं, पण पोस्टाने येतं. वेळेत आलं नाही तर तात्पुरतं प्रमाणपत्र मागून घ्या.

पायपीट
सरहद्दीलगतचं स्पेनमधलं तुई ते सांतियागो साधारण 117 किमी. यात्रा केल्याच्या प्रमाणपत्राला पायी किमान 100 किमी लागतात, त्यामुळे तुई बरोबर बसतं. टप्पे: पोरिन्यो, रेदोंदेला, पोंतेवेद्रा, काल्दास दे रेइस, पाद्रोन, सांतियागो. सहा दिवस. लिस्बन–पोर्तो रेल्वे, पोर्तोच्या कांपान्या स्थानकाहून वालेंसा, तिथून मिन्यो नदीवरचा पूल चालत ओलांडला की तुई. पोर्तोचं तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त. आदल्या दिवशी काढलंत तर सवलत गेलीच म्हणून समजा.
यात्रेकरूचं पासबुक लिस्बनच्या से कॅथेड्रलमध्येच घ्या, दोनेक युरो. त्यावर रोज दोन शिक्के हवेत. मुक्कामाचा एक मिळतोच, दुसरा कॉफी पिताना बारमध्ये मारून घ्या. बरेचजण हा दुसरा विसरतात आणि शेवटी प्रमाणपत्राच्या खिडकीवर हुज्जत घालतात.
गालिसियाच्या (तुई-सांतियागो ज्यात येतात त्या स्पेनच्या प्रांताच्या) सरकारी आल्बेर्गेत, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळेत, बिछान्याला 10 युरो. आगाऊ नोंदणी नाही, दुपारी 1 ला दार उघडतं, आधी येईल त्याला जागा. ईस्टरच्या आठवड्यात गेलात तर दुपारीच भरतं. कागदी चादर देतात, पांघरूण तुमचं. जेवण धरून दिवसाला 30 युरो पुरतात, म्हणजे वाटेवरचे 180. उरलेल्यात प्रवास आणि सांतियागोतला एक मुक्काम आरामात.
पाठीवर वजन शरीराच्या दहाव्या हिस्स्याहून जास्त नको. सामान पुढे पोचवणारे आहेत, पण सरकारी आल्बेर्गे ती पिशवी सहसा ठेवून घेत नाहीत. बूट निदान महिनाभर वापरलेले आणि अर्धा नंबर मोठे हवेत, कारण चालून पाय सुजतात. फोड येतात ते ओलाव्याने आणि घासण्याने: सकाळी व्हॅसलीन, दुपारी मोजे बदला. तिथला पाऊस आपल्या आषाढासारखा धो-धो नसतो. बारीक, पण दिवसभर. छत्रीपेक्षा पिशवीसकट झाकणारा पोंचो बरा.
पिवळा बाण सांतियागोचा, निळा पोर्तुगालमधल्या फातिमा तीर्थाचा, म्हणजे उलट्या दिशेचा! पोरिन्योच्या अलीकडे ओर्बेन्येला फाटा आहे. सरळ गेलात तर कंटाळवाणी औद्योगिक वसाहत लागते, डावीकडून लोरो नदीकाठची वाट. नदीकाठचीच घ्या.

कुळागरातली
खाण्याचं ऐका, भाऊ. 'एन्सालादा मिक्स्ता' सॅलड म्हणून मागवाल तर वर टुना मासा येतो. 'सिन आतून' (टुना नको) असं आधीच सांगा. काल्दो गाय्येगो दिसतं पालेभाजीचं सूप, पण त्यात डुकराची चरबी असते. अंडं चालत असेल तर बटाट्याची तोर्तिया (जाड ऑम्लेट) कुठेही मिळते. पाद्रोनच्या तळलेल्या मिरच्या घ्या, बहुतेक सौम्य, एखादी मात्र झणका देते. आपल्याला ती एखादीच आवडेल.
सरकारी आल्बेर्गेत स्वयंपाकघर असतं, भांडी बहुधा नसतात. एक छोटं पातेलं, चमचा आणि पोहे-मसाला नेलात तर रात्रीचे दहा युरो वाचतील. रविवारी बरीच सुपरमार्केटं बंद, शनिवारीच खरेदी उरका. हॉटेलांत रात्रीचं जेवण साडेआठच्या आधी मिळणं कठीण.

साखळीकर
देव बरें करूं सगळ्यांचं. परतीचं काय? विगोहून पोर्तोची रेल्वे घ्यावी म्हणतो.

पायपीट
घ्या, पण दोन गोष्टी बघून. सांतियागोहून येणाऱ्या बहुतेक गाड्या विगोच्या उर्साइस स्थानकात थांबतात, पोर्तोची रेल्वे, सेल्ता, विगोच्याच ग्विशार स्थानकाहून सुटते. मध्ये किलोमीटरभर चालायचं आहे. सेल्ता दिवसातून दोनच, चुकली तर अर्धा दिवस गेला. शिवाय स्पेनचं घड्याळ पोर्तुगालच्या एक तास पुढे. सुटायची वेळ स्पेनची, पोचायची पोर्तुगालची छापलेली असते. पुढची लिस्बनची गाडी जोडताना हे धरा. एवढी यातायात नको असेल तर सांतियागोहून थेट पोर्तोची बस आहे.

म्हापशेकर
बसला मूळ कार्ड वरच्या खिशात ठेवा. पिशवी डिकीत जाते.