टाकीच्या पाण्याचा रिपोर्ट

सेक्रेटरी: आपल्या सोसायटीच्या खालच्या टाकीत कोलिफॉर्म आणि ई. कोलाय हे दोन्ही जंतू निघाले. वरच्या टाकीत फक्त कोलिफॉर्म. पुढचा निरोप येईपर्यंत पिण्याचं पाणी उकळूनच घ्या.

ए-२०१: टीडीएस मीटर तर १४० दाखवतंय. पाणी चांगलंच आहे की!

सी-५०३: काका, टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार. जंतूंचा त्याच्याशी संबंध नाही. मीटर विकणाऱ्यांनी हा घोळ करून ठेवलाय. पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय एकही चालत नाही.

बी-१०४: ई. कोलायचे बहुतेक प्रकार आपल्याच आतड्यात निमूट राहतात. पण ते पाण्यात सापडले म्हणजे कुठून तरी मैला मिसळतोय, आणि त्यासोबत टायफॉइडचे जंतू, काविळीचे विषाणू, जिआर्डियासारखे परजीवी असं काहीही येऊ शकतं. नुसते कोलिफॉर्म मातीतूनही येतात. म्हणून वर झाकण आणि ओव्हरफ्लोची जाळी बघा, खाली ड्रेनेज लाइन कुठून जाते ते बघा. गळती तशीच ठेवून टाकी धुतली तर पुन्हा हाच रिपोर्ट येईल.

ए-२०१: मग ब्लीचिंग पावडर टाकून मोकळे होऊ या ना?

सी-५०३: तिथेच फसतं. तळाचा गाळ आणि भिंतीवरचा बुळबुळीत थर क्लोरीन खाऊन टाकतो, थराच्या आतले जंतू शाबूत राहतात. आधी टाकी रिकामी करा, ब्रशने घासा, गाळ उपसा. मग पाणी भरून लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन, २४ तास. १०,००० लिटरला ५०० ग्रॅम क्लोरीन लागतं, म्हणजे २५ टक्क्यांची पावडर २ किलो. ताजी पावडर ३३ टक्क्यांच्या आसपास असते, पण उघड्या पोत्यात जोर उतरत जातो. प्लास्टिकच्या बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळी तेवढी टाकीत ओता. ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर जवळपासही नको, विषारी वायू सुटतो.

सेक्रेटरी: २४ तासांनंतर ते पाणी बागेला सोडलं तर?

सी-५०३: नको, झाडं करपतील. थोडं पाइपांतून फिरवा म्हणजे तेही निर्जंतुक होतील, बाकीचं ड्रेनेजला. तोवर पिण्याचे नळ बंद. पुन्हा भरल्यावर नळाला लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन दिसायला हवं. ओटीओचे (क्लोरीन तपासायच्या रसायनाचे) थेंब टाकून फिकट पिवळा रंग येतो का बघा.

बी-१०४: पुढचं सॅम्पल घरच्या बाटलीत देऊ नका, लॅबचीच निर्जंतुक बाटली आणा. तिच्यात सोडियम थायोसल्फेट असतं, ते क्लोरीन तिथल्या तिथे मारतं. नाहीतर वाटेत क्लोरीन जंतू मारत राहतो आणि रिपोर्ट खोटा चांगला येतो. बाटली आतून विसळू नका. नळाची जाळी काढा, तोंड स्पिरिटने पुसा, २-३ मिनिटं पाणी वाहू द्या, मग भरा. झाकणाच्या आत बोट नको. बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो ६ तासांत पोचवा.

डी-३०१: उकळायचं किती? क्लोरीन घातल्यावरही उकळायचं का?

बी-१०४: ताई, खळखळून उकळी आली की १ मिनिट पुरे. क्रिप्टोस्पोरिडियम नावाच्या परजीवीवर एवढ्या क्लोरीनचा परिणाम होत नाही, उकळीने मात्र तो मरतो. म्हणून नवा रिपोर्ट स्वच्छ येईपर्यंत उकळाच. कुणाला जुलाब होत असतील तर ओआरएस सुरू करा, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. उरलेल्या गोळ्या शोधून अँटिबायोटिक घेऊ नका, विषाणूवर ते चालत नाही. रक्त पडलं, ताप चढला किंवा लघवी कमी झाली तर लगेच डॉक्टर.

सेक्रेटरी: शनिवारी खालची टाकी. वरची ती झाल्यावर.