अनुभव धागा: रोजच्या नावाची महागडी गाडी. घेतली, विकली किंवा बनवली असेल त्यांनी लिहा

मंडळी,

आमच्या घरात सध्या मोठी गाडी घ्यायचं चाललं आहे. मारुतीची इन्व्हिक्टो चालवून पाहिली. सगळ्यांना आवडली, आईला मधल्या सीटवर चढायला-उतरायला सोपी गेली. मग काका म्हणाले, "एवढे पैसे घालून मारुतीच घ्यायची का?" आणि विषय तिथेच थांबला. गाडीत खोट कुणी काढली नाही. हीच गाडी टोयोटाच्या शोरूममध्ये इनोव्हा हायक्रॉस म्हणून उभी असते, दोन्ही कर्नाटकातल्या बिडदीच्या एकाच कारखान्यातून निघतात. हायक्रॉसला काकांची हरकत नव्हती!

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून जात नाही. जे नाव आपण रोजच्या, खिशाला परवडणाऱ्या गाडीवर पाहतो, त्याच नावाची उंची गाडी लोक घेतात का? घेतात तर कशासाठी? पुनर्विक्रीचं, सर्व्हिसचं, नातेवाइकांचं, जे अनुभवलं असेल ते लिहा. यूट्यूबवर ऐकलेलं नको, स्वतःचं हवं.

कोल्हापूर, किझाशीचे मालक

माझ्याकडे मारुती सुझुकी किझाशी आहे, मॅन्युअल, काळी. अजून चालवतो. फेब्रुवारी २०११ मध्ये ही भारतात आली तेव्हा एक्स-शोरूम किंमत साडेसोळा लाखांपासून होती, कारण जपानहून अख्खी तयार येत होती. २.४ लिटरचं पेट्रोल इंजिन, १७८ अश्वशक्ती. कात्रजचा घाट संपल्यावर मोकळ्या रस्त्याला तिसऱ्या गिअरमध्ये जी ओढते ना, ते शब्दांत सांगता येणार नाही. दरवाजा लावल्यावरचा आवाज, सीटचं चामडं, स्टिअरिंगचं वजन, कशातच ती उणी नव्हती.

पण पंपावरची पोरं विचारायची, "एसएक्स-फोरचं नवीन मॉडेल का?" म्हणजे मारुतीच्याच स्वस्त सेडानचं. वडिलांना किंमत मी चार लाख कमी करून सांगितली होती. त्यात पेट्रोल. त्या काळात डिझेल लिटरमागे पंचवीस-तीस रुपयांनी स्वस्त होतं, त्यामुळे एवढी मोठी पेट्रोल सेडान धंदेवाला माणूस बघायलाही तयार नव्हता. तीनेक वर्षांत ती बाजारातून गेली. जपानमध्ये तर ही गाडी साध्या वेशातल्या पोलिसांची म्हणून प्रसिद्ध होती, लोक आरशात किझाशी दिसली की वेग कमी करायचे.

माझं मत सांगतो. तेवढ्याच पैशांत त्या वेळी होंडाची अकॉर्ड किंवा स्कोडाच्या सुपर्बच्या जवळपास पोचता येत होतं. गाडी कळणारा माणूस किझाशी घेणार, आणि तसे लोक मोजकेच असतात.

नाशिक, पूर्वी शोरूममध्ये विक्री

मी नेक्सा, म्हणजे मारुतीची उंची गाड्यांसाठीची वेगळी शोरूम, सुरू झालं त्या पहिल्या वर्षात विक्रीत होतो. जुलै २०१५. काळं-पांढरं शोरूम, काळा पोशाख, ग्राहकाला दारापर्यंत सोडायला जायचं, बोलताना आवाज किती ठेवायचा हेसुद्धा शिकवलेलं. गाडीवरचं कापड आम्ही किल्ली देताना ग्राहकाच्याच हातून काढून घ्यायचो. लोकांना ते मनापासून आवडायचं, फोटो काढायचे.

पहिली गाडी एस-क्रॉस. १.६ लिटरचं डिझेल इंजिन अफलातून होतं, चालवून आलेला माणूस खूश असायचा. पण समोर बसला की पहिला प्रश्न, "डिस्काउंट किती?" मारुतीच्या साध्या शोरूममध्ये याच ग्राहकाने वीस वर्षं हाच प्रश्न विचारलेला असतो, तो काचेचा दरवाजा बदलल्यावर कसा बदलेल? जानेवारी २०१६ मध्ये त्या १.६ ची किंमत दोन लाखांच्या आसपास उतरली. किंमत उतरली की स्वस्त गाडी लगेच खपते. मानाच्या गाडीची मात्र किंमत उतरली की मानही उतरतो.

नेक्सा तरलं ते ऑक्टोबर २०१५ मध्ये आलेल्या बलेनोमुळे. पाच लाखांपासून सुरू होणारी हॅचबॅक आणि तिला असलं स्वागत! ग्राहक भारावून जायचा. म्हणजे मध्यमवर्गीय गाडीला उंची वागणूक दिली तर ती तुफान चालते. उंची गाडीला मध्यमवर्गीय नाव दिलं तर अडतं.

छत्रपती संभाजीनगर, वाळूजमधले उद्योजक

नाशिककरांनी छान लिहिलंय. आमच्या शहराचा किस्सा बऱ्याच जणांना माहीत असेल. ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या उद्योजक, डॉक्टर, व्यावसायिकांनी मिळून एका दिवसात १५० मर्सिडीज घेतल्या, सुमारे ६५ कोटींच्या. त्या गटात माझे मित्र होते. मी नव्हतो. मी त्याच सुमारास स्कोडा सुपर्ब घेतली, आणि का घेतली ते लिहितो.

माझा धंदा मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवण्याचा. दर ठरवायला खरेदी विभागात जावं लागतं आणि त्यांच्या गेटवरच गाडीची नोंद होते. मर्सिडीजमधून उतरलेल्या पुरवठादाराला "तुमचा नफा बरा दिसतोय, दर जरा खाली आणा" हे ऐकावं लागतं. मी स्वतः ऐकलं आहे, मित्राच्या गाडीतून गेलो होतो तेव्हा. सुपर्बमधून उतरलं की कुणी काही म्हणत नाही. आणि मागच्या सीटवर पाय ताणून बसावं तर मित्राच्या मर्सिडीजपेक्षा जागा जास्त. मागच्या दारात छत्रीसाठी खास कप्पा, भिजलेल्या छत्रीचं पाणी खाली निघून जाईल अशी सोय. पावसाळ्यात साइटवर उतरताना ती छत्री बाहेर काढली की ड्रायव्हरलाही आनंद व्हायचा.

आमच्याकडे स्कोडाला उंची गाडी मानतात याचं कारण गाडीत कमी आणि इतिहासात जास्त आहे. शहराजवळ शेंद्र्यात स्कोडाचा कारखाना आला, आणि स्कोडा भारतात आली तीच ऑक्टाव्हिया घेऊन. इथल्या लोकांनी स्कोडाची स्वस्त गाडी पाहिलीच नव्हती. युरोपात याच कंपनीची एके काळी टिंगल होत होती, गरिबाची गाडी म्हणून. कारखाना तोच, बिल्ला तोच. कोण कुठल्या दाराने घरात आलं, यावर त्याला बसायला कुठे मिळणार हे ठरतं. मारुती १९८३ साली ८०० घेऊन आली. त्या एका गाडीने लाखो घरांना चाकं दिली, तिचे उपकार मोठे आहेत. पण पहिली ओळख पुसता येत नाही.

ड्रेस्डेन, वाहन उद्योगातले इंजिनिअर

संभाजीनगरकरांच्या पहिल्या ओळखीच्या मुद्द्याला जर्मनीतून दुजोरा देतो. फोक्सवॅगनने २००२ मध्ये फेटन ही उंची सेडान आणली. कंपनीचे प्रमुख फर्डिनांड पिएख यांची जिद्द होती. बाहेर ५० अंश तापमान असताना, ताशी ३०० किलोमीटरने दिवसभर पळवली तरी आतलं तापमान २२ अंशच राहिलं पाहिजे, अशी त्यांची अट इंजिनिअर मंडळी अजून सांगतात. तिच्यासाठी आमच्या गावात, मोठ्या बागेच्या कडेला, काचेचा कारखाना बांधला. आत कॅनडाच्या मेपल लाकडाची जमीन, पांढऱ्या पोशाखातले कामगार, आणि गावात ट्रकची वर्दळ नको म्हणून सुटे भाग आणायला निळी मालवाहू ट्राम. मी इथे आलो तेव्हा ती ट्राम रोज पाहायचो.

माझ्या एका वरिष्ठांकडे फेटन होती, तिच्यात बसलो आहे. डॅशबोर्डवर एसीच्या जाळ्या दिसत नाहीत. हवा लागली की लाकडी पट्ट्या अलगद वर सरकतात आणि काम झालं की बंद होतात. आवाज नाही. चेहऱ्यावर वारा येत नाही, तरी गारवा असतो. इतकं बारीक काम मी कुठल्याच गाडीत पाहिलं नाही.

तरीही अमेरिकेतून ती २००६ मध्येच मागे घ्यावी लागली आणि २०१६ मध्ये उत्पादन थांबलं. जर्मन माणसाला फोक्सवॅगनची रोजची गोल्फ अतिशय प्रिय, पण मोठ्या साहेबाला तोच बिल्ला बोनेटवर नको. खरी गंमत पुढे आहे. बेंटलीची कॉन्टिनेंटल जीटी याच पायावर उभी होती, आणि फ्लाइंग स्पर तर काही काळ याच काचेच्या कारखान्यात तयार झाली. बेंटलीच्या बिल्ल्याने तीच गाडी प्रतीक्षायादी लावून विकली गेली. अभियंता म्हणून मला याचं वाईट वाटतं. फेटनवर काम केलेल्या लोकांनी काहीही कमी केलं नव्हतं.

चिंचवड

थोडक्यात भर. टाटांनी २००८ मध्ये जग्वार-लँडरोव्हर २.३ अब्ज डॉलरना घेतली आणि तिच्यावर स्वतःचं नाव कुठेही लावलं नाही. मला हा सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. दोनच वर्षांनी टाटांच्या नावाने आरिया आली, ऐसपैस, सहा एअरबॅगवाली, पण त्या किमतीला लोकांनी ती स्वीकारली नाही. पुढे २०१९ मध्ये हॅरिअर आली ती लँडरोव्हरच्या पायावर बेतलेली, पण किंमत आपल्या माणसाच्या आवाक्यातली, आणि ती चालली. वरून खाली आणलेली चीज लोक घेतात.

न्यू जर्सी

इथली दोन उदाहरणं मी स्वतः जगलो आहे. नव्वदच्या दशकात आलेले आमचे ओळखीचे सगळे मराठी लोक आधी टोयोटाची कॅमरी घ्यायचे आणि घर झालं की लेक्सस. लेक्सस म्हणजे टोयोटा हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण शोरूम वेगळं, सर्व्हिस वेगळी. १९८९ मध्ये पहिली एलएस ४०० आली आणि काही महिन्यांतच कंपनीला सुमारे ८,००० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. डीलरांनी गाड्या ग्राहकांच्या घरून नेल्या, दुरुस्त केल्या, धुऊन, टाकी भरून परत आणून दिल्या. नव्या नावाची बदनामी व्हायची ती उलट कीर्ती झाली. माझे शेजारी हे इतक्या वर्षांनीही सांगतात.

दुसरी गोष्ट माझ्या जेनेसिसची. ह्युंदाई अमेरिकेत १९८६ मध्ये आली तीच पाच हजार डॉलरच्या आतली एक्सेल घेऊन, त्यामुळे जुन्या लोकांच्या मनात ती स्वस्तातली कंपनी. २००८ मध्ये त्यांनी जेनेसिस सेडान काढली, तिला वर्षाची सर्वोत्तम गाडी म्हणून मानही मिळाला, पण विकायला ठेवली स्वस्त ह्युंदाईच्या शेजारी. २०१५ च्या शेवटी मात्र जेनेसिस हे नावच ह्युंदाईपासून वेगळं केलं. मी जेनेसिसची जी८० घेतली ती त्यानंतर. सर्व्हिसला गाडी घरून नेतात, बदल्यात दुसरी ठेवून जातात. गणपतीला मंडळाच्या पार्किंगमध्ये पंखांचा बिल्ला बघून एका काकूंनी विचारलं, "बेंटली का रे?" ह्युंदाई म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग बरं झालं, मेंटेनन्स कमी असेल." मला यात दोन्हीकडचं चांगलं मिळालं असं प्रामाणिकपणे वाटतं.

तासगाव, द्राक्ष बागायतदार

एवढं सगळं वाचलं, पण फॉर्च्युनरचं कुणीच कसं लिहिलं नाही? २००९ ला आली तवा साडेअठरा लाखाच्या आसपास होती, आता रस्त्यावर यायला पन्नास लाखाच्या घरात जाते, तरी आमच्याकडं प्रत्येक गावात उभी आहे. नाव टोयोटाच. वेगळं शोरूम न्हाई, वेगळा बिल्ला न्हाई. आतलं प्लॅस्टिक साधं, खराब रस्त्यावर मागं बसलेला माणूस उडतो. पण बागेतल्या चिखलातनं निघती, लाखभर किलोमीटर झाल्यावरबी गिऱ्हाईक दारात येतंय. टोयोटाची पहिली ओळख इथं क्वालिसची. न बिघडणारी गाडी. फॉर्च्युनर तेच विकती, फक्त उंच करून. मऊपणा हवा असता तर आम्ही दुसरीकडं गेलो असतो.

ठाणे, डॉक्टर

आमच्याकडे आधी एका नामांकित युरोपीय कंपनीची गाडी होती. नाव लिहीत नाही. वॉरंटी संपल्यावर सस्पेन्शनच्या एका बिलात मुलाची वर्षभराची फी गेली असती. आता महिंद्राची इलेक्ट्रिक एक्सईव्ही ९ई वापरते. चाकणला बनलेली.

वर बिल्ल्याबद्दल जे लिहिलंय ते मला पटतं, पण इलेक्ट्रिकमध्ये चित्र वेगळं दिसतं. याच महिंद्राने २०१८ मध्ये अल्टुरास जी४ ही डिझेल एसयूव्ही आणली होती, सुमारे २७ लाखांना, चांगली गाडी, चार वर्षांत गेली. आणि १४ फेब्रुवारी २०२५ ला एक्सईव्ही ९ई आणि तिच्यासोबतच्या बीई ६ या इलेक्ट्रिक गाडीचं बुकिंग उघडलं तर पहिल्याच दिवशी ३०,१७९ नोंदी, किंमत जवळपास तेवढीच असताना. डिझेलमध्ये कोण मोठं हे पन्नास वर्षांत ठरलं होतं. बॅटरीच्या गाडीत ती उतरंड अजून ठरायची आहे, तिथे जर्मनही नवे आणि आपणही नवे. माझ्या दवाखान्याखाली गाडी लावली की लोक कंपनी विचारत नाहीत, "एका चार्जमध्ये किती जाते?" एवढंच विचारतात. उन्हाळ्यात एसी लावून नाशिकला जाऊन ठाण्यात परत येते, वाटेत चार्ज करावी लागत नाही. कसारा घाटात चढताना टक्के भराभर उतरतात, येताना उतारावर थोडे परत मिळतात. सोसायटीत चार्जर बसवायला समितीची परवानगी मिळवणं हे गाडी निवडण्यापेक्षा अवघड गेलं. कुणाला त्या अर्जाचा मसुदा हवा असेल तर सांगा, इथेच टाकते.