अपडेटनंतर मेल दुसऱ्याच प्रोग्राममध्ये उघडते, त्याबद्दल

भाऊ, तुमचं म्हणणं असं का विंडोज ११ अपडेट झाल्यापासून मेलच्या लिंकवर क्लिक केलं का थंडरबर्ड या तुमच्या नेहमीच्या मेल प्रोग्रामऐवजी मायक्रोसॉफ्टचं नवं आउटलुक उघडते अन् अकाउंट जोडा म्हणते. पहिले तर घाबरू नका, जुने मेल कुठं गेले नाहीत, थंडरबर्ड सरळ उघडून पाहा, सगळे तिथंच दिसतील. फक्त घाईघाईत थंडरबर्ड अनइन्स्टॉल करू नका बाप्पा.

आता सेटिंग्ज, अ‍ॅप्स, डिफॉल्ट अ‍ॅप्स असं जा अन् वरच्या डब्यात मेलटू (इंग्रजीत mailto, म्हणजे मेलची लिंक) टाइप करा, जे नाव दिसते त्यावर क्लिक करून थंडरबर्ड निवडा. ईएमएल फाइलची (.eml, म्हणजे सेव्ह केलेला मेल) सेटिंग वेगळी असते, तीही तिथंच बदला, लोक हेच विसरतात. तरी ब्राउझरमधून जीमेलच उघडत असेल तर क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये प्रोटोकॉल हँडलर (कोणती लिंक कोणत्या साइटनं उघडायची ते) पाहा, तिथून जीमेल काढून टाका.

आमच्या इकडे दर्यापूरकडच्या गावात सेवा केंद्रावर हेच होते, पीक विम्याचे कागद मेल करायचे असते, मागे लाइन लागलेली अन् स्क्रीनवर पासवर्ड मागून राह्यलं. घाईत शेतकऱ्याचा पासवर्ड तिथं टाकूच नका. नव्या आउटलुकमध्ये जीमेल जोडलं का मेलची कॉपी मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर सिंक होते, त्या माणसाला न विचारता हे करणं बरोबर नाही.

थंडरबर्डच्या जनरल सेटिंगमध्ये सुरू होताना थंडरबर्डच डिफॉल्ट आहे का ते तपासायची टिक आहे, ती चालू ठेवा, पुढच्या अपडेटनं बदललं तर तेच विचारते.