जनुक सापडलं, पण ते नेमकं कोणत्या जिवाणूचं? मदत हवी आहे

निरोगी स्वयंसेवकांच्या विष्ठेचं मेटाजिनोम सिक्वेन्सिंग (त्यातल्या सगळ्या जिवाणूंच्या डीएनएचं एकत्र वाचन) केलंय (इल्युमिना, 150 बेस, पेअर्ड-एंड). सहा महिन्यांत कुणीही अँटिबायोटिक घेतलेलं नाही. टेट-क्यू, टेट-डब्ल्यू ही टेट्रासायक्लिन-प्रतिरोधक जनुकं जवळपास सगळ्यांत आहेत, ते अपेक्षितच होतं. अडलंय अर्म-बी या एरिथ्रोमायसिन-प्रतिरोधक जनुकापाशी. प्रतिरोधक जनुकांच्या कार्ड डेटाबेसशी जुळणी चोख आहे, पण मेगाहिट आणि मेटास्पेड्स या दोन्ही जोडणी-प्रोग्रॅममध्ये काँटिग (वाचलेले तुकडे जोडून बनलेला सलग डीएनए) जनुकाच्या दोन्ही टोकांना तुटतो. शेजारी इन्सर्शन सीक्वेन्स (जागा बदलणारे, अनेक ठिकाणी सारखेच येणारे डीएनएचे तुकडे) असावेत, म्हणून जोडणी तिथे अडते. निरुपद्रवी जिवाणूत गुणसूत्रावर बसलेलं जनुक आणि प्लाझ्मिडवरून (एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकणारा सुटा डीएनए) फिरणारं जनुक यांत जमीनअस्मानाचा फरक, त्यामुळे अंदाजाने काही लिहायचं नाहीये.

काढलेल्या डीएनएचे बीड-बीटिंगमध्ये (मण्यांनी घुसळून पेशी फोडताना) तुकडे झालेत, लाँग-रीडला (डीएनएचे लांब तुकडे सलग वाचण्याला) तो चालणार नाही. प्रत्येकी जेमतेम अर्धा ग्रॅम विष्ठा उरलीय, उणे 80 अंशांवर, ग्लिसरॉलशिवाय गोठवलेली. ती हाय-सीसाठी (एकाच पेशीतले डीएनए तुकडे एकमेकांना जोडून कोणता कुणाचा ते ओळखण्याची पद्धत) वापरू, की हलक्या हाताने डीएनए काढून लाँग-रीड करू? अशा गोठवलेल्या नमुन्यावर हाय-सी कुणी केलंय का?