मनपाचं वीजबिल कमी करायचं तर सुरुवात कुठून?

सातवी_गल्ली:
आमचं शहर धड पुणे नाही धड तालुका नाही, पाच-सहा लाख वस्ती. चौकात सोलरचं झाड उभं केलंय, त्यावर मोबाईल चार्ज होतो म्हणे, मी अजून एकालाही करताना बघितलं नाही. रस्त्यावर एलईडी लागून झाले. पुढच्या महिन्यात नगरसेवकांसमोर बोलायला मिळणारे तर नेमकं काय मागू?

पंपवाला_काका:
पाणी बघा आधी, दिवे राहू द्या. हजार लिटर पाणी १०० मीटर चढवायला कागदावर ०.२७ युनिट लागतं, पंप-मोटर मिळून ६०% वर चालत असतील तर तेच ०.४५ होतं, आणि जुने पंप त्याच्याही खाली असतात. वर ऑपरेटर व्हॉल्व्ह अर्धा दाबून ठेवतो, म्हणजे गाडीचा ब्रेक दाबून ॲक्सिलेटर देण्यासारखं, तिथे व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) बसवला की स्पीडच कमी होतो. आणि १०० लिटर उपसून ३५ गळत असतील तर त्या ३५ ची वीजही आपणच भरतो की!

इंदुरी_पोहे:
काका बरोबर. आमच्या इंदूरला नर्मदेचं पाणी जलूदहून ७० किमी लांबून चढवून आणतात, बिल काय येत असेल विचार करा. म्हणून महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे ग्रीन बाँड (पर्यावरणाच्या कामासाठी लोकांकडून घेतलेलं कर्ज) काढले, तिथेच ६० मेगावॉटचा सोलर करायला. सामान्य माणसालाही घेता येत होते, मागणी ७०० कोटींच्या वर गेली. रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस बनवणारा बायो-सीएनजी प्लांट पण आहे, पण तो चालतो कारण इथे बायका ओला-सुका घरातच वेगळा करतात (पुरुष पण करतात, आमच्याकडे तरी मीच).

गच्चीवर:
बाँडचं ऐकायला भारी वाटतं हो, पण त्याला रेटिंग (कर्ज फेडायची पत किती ते) लागतं आणि ज्यांचे हिशेबच वेळेवर होत नाहीत त्यांना पैसे कोण देणार. तोवर सोसायट्या तरी धरा, केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत गच्चीवरच्या सोलरला लिफ्ट आणि कॉमन लाइटसाठी किलोवॉटला १८ हजार सबसिडी आहे. आमच्यात पॅनेल दोन दिवसांत बसले, गच्ची कुणाची यावर मात्र आठ महिने भांडलो.

सातवी_गल्ली:
म्हणजे झाड सोडून पंपहाऊस. पण पंपनिहाय आकडे देतील का?

पंपवाला_काका:
पंपनिहाय सोडा, पंपहाऊसचं तरी वेगळं बिल येतंच. माहिती अधिकारात बारा महिन्यांची बिलं आणि त्याच महिन्यांचं उपशाचं रजिस्टर मागा, युनिट भागिले पाणी, बस. रजिस्टरमध्ये रोज एकच आकडा दिसला तर फ्लोमीटर (पाणी मोजणारा मीटर) बंद आहे समजा, मग पहिली मागणी त्याचीच करा.