अनुभव धागा: घरी केलेले हायलाइट्स बिघडल्यावर काय उपयोगी पडले?

मंडळी, नमस्कार. लग्नसराई जवळ आली की घरोघरी हायलाइट्सचे (केसांच्या काही बटा ब्लीचने उजळवण्याचे) संच आणले जातात, पण रंग फसल्यास पुढे काय करावे, हे खोक्यावर फारसे लिहिलेले नसते. म्हणून सोलापूर आणि परिसरातील ज्यांनी असे केस सावरले आहेत, त्यांनी नेमके काय केले आणि कशाने बिघाड वाढला, हे सविस्तर लिहावे, ही विनंती. सुरुवात मी करते.

माझ्या धाकट्या जावेने घरी फॉइल लावून बटा काढल्या. टाळूजवळ बोटभर पिवळा पट्टा, मध्ये गर्द नारिंगी आणि टोकांना जुन्या डायचा तपकिरी रंग जशाच्या तसा, असे तीन रंग एकाच बटेत दिसत होते. टाळूच्या उष्णतेमुळे मुळांशी ब्लीच वेगाने काम करते आणि टोकांवरचा जुना डाय सहजासहजी निघत नाही, हे कारण नंतर समजले. तिला त्याच संध्याकाळी पुन्हा ब्लीच लावायचे होते. मी लावू दिले नाही, आणि माझ्या मते केस वाचले ते तेवढ्यामुळेच. दुसऱ्या दिवशी खिडकीच्या उजेडात पांढऱ्या टॉवेलवर बट ठेवून रंग पाहिला, कारण ट्यूबलाइटखाली पिवळ्या-नारिंगीतला फरक नीट कळत नाही. जांभळा शाम्पू पिवळेपणा मारतो, नारिंगीला मात्र निळी छटा लागते. त्यामुळे जांभळा शाम्पू फक्त मुळांपुरता वापरला आणि मधल्या भागावर निळसर छटेचा, अमोनिया नसलेला तपकिरी रंग लावला. केस अगदी एकसारखे झाले नाहीत, पण पट्टे दिसेनासे झाले.

विजापूर रोड, पार्लर व्यवसाय:
वरील ताईंनी ब्लीच थांबवले, हे फार योग्य केले. बिघडलेले केस घेऊन येणाऱ्या प्रत्येकीची ओली बट मी आधी दोन बोटांत धरून हलकेच ताणून पाहते. सोडल्यावर ती पूर्ववत झाली तर पुढे काही करता येते. ती रबरासारखी लांबत गेली किंवा तुटली, तर त्या केसांवर आणखी ब्लीच लावायचे नाही. दुसरी गोष्ट डेव्हलपरची, म्हणजे ब्लीच पावडरीत कालवायच्या द्रवाची. त्याची तीव्रता व्हॉल्यूममध्ये सांगतात. 20 व्हॉल्यूममध्ये 6 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड असते आणि 40 व्हॉल्यूममध्ये 12 टक्के, त्यामुळे लवकर उजळावे म्हणून घरी 40 आणू नये. फार पिवळ्या झालेल्या केसांवर थेट गडद तपकिरी रंग लावला तर तो मळकट, हिरवट उतरतो, कारण केसांतली मूळ तांबूस छटा ब्लीचने गेलेली असते. ती आधी तांबूस-सोनेरी रंगाने भरून काढावी आणि मगच तपकिरी लावावा. ब्लीच केलेले केस रंग जास्त शोषतात, म्हणून हव्या त्या छटेपेक्षा एक छटा फिकी घ्यावी.

पूर्व भाग:
आमच्या घरी सूत रंगवण्याचा व्यवसाय आहे. सुताचे ब्लीचिंगही हायड्रोजन पेरॉक्साइडनेच होते, तेही जवळजवळ उकळत्या पाण्यात आणि अल्कली (कॉस्टिक सोड्यासारखा पदार्थ) घालून. म्हणून केसांनाही ते सोसेल, असा माझ्या मुलीचा समज झाला होता. परंतु कापूस सेल्युलोजचा असतो आणि अल्कली सहन करतो, तर केस केराटिन या प्रथिनाचे असतात आणि अल्कलीने ते फुगून कमकुवत होतात. सुताचा रंग फसला तर तो उतरवून पुन्हा रंगवता येतो, केसांच्या बाबतीत तो हिशेब धरू नये. आम्ही फक्त गडद छटेने झाकले आणि तेवढ्यावर थांबलो.

जुळे सोलापूर:
टोनर (ब्लीचनंतर नको असलेली छटा मारणारा सौम्य रंग) लावूनही माझे केस लवकरच पुन्हा तांबूस होत होते. आमच्या इमारतीत बोअरचे पाणी आहे आणि ते जड आहे. शेवटचे धुणे साठवलेल्या नळाच्या पाण्याने करू लागल्यापासून आणि अधूनमधून क्षार काढणारा शाम्पू वापरल्यापासून रंग बराच टिकतो.

अशोक चौक परिसर:
मेंदीचा उल्लेख अजून कोणी केला नाही, म्हणून लिहिते. माझी बहीण अनेक वर्षे मेंदी आणि त्यावर नीळ (केस काळे करणारी इंडिगोच्या पानांची पूड) लावत असे. ब्लीच लावताच बटा हिरवट झाल्या, कारण मेंदीचा रंग केराटिनला घट्ट धरून बसतो आणि निळीचा अंश ब्लीचनंतर हिरवा दिसतो. बाजारातील तयार काळ्या मेंदीत कधी कधी धातूंचे क्षारही असतात, आणि पेरॉक्साइडशी त्यांचा संयोग होऊन केस गरम होऊ शकतात. म्हणून विंचरताना गळालेल्या केसांची एक जुडी करून ती काचेच्या वाटीत ब्लीचच्या तयार मिश्रणात आधी बुडवून पाहावी. मिश्रण तापले, फसफसले किंवा रंग विचित्र झाला, तर तो बेत सोडावा. बहिणीने हिरव्या बटांवर पुन्हा काही लावले नाही, दर वेळी थोडे थोडे केस कापत ती टोके काढून टाकली.

होटगी रोड:
मुलीच्या टाळूची आग होत आहे आणि थोडे पाणीही सुटले आहे. टोनर आज लावावा का?

धागाकर्ती:
आज नको, ताई. भरपूर गार पाण्याने टाळू धुऊन घ्या आणि आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. कातडी पूर्ण भरून येईपर्यंत टोनर, डाय किंवा ब्लीच काहीही लावू नका. नंतर जो रंग लावाल, त्याचा ठिपका कोपराच्या आतल्या बाजूला लावून 48 तास थांबा, आणि खाज किंवा लाली आली तर तो रंग वापरू नका.