आजोळच्या पाण्यापासून देशाची ओळख

मंडळातील सर्व सदस्यांना सप्रेम नमस्कार.

माझे माहेर खानापूर तालुक्यात जांबोटीजवळ आहे. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला भारतातील राज्ये आणि त्यांच्या राजधान्या पाठ आहेत. मात्र आजोळी एवढा पाऊस का पडतो, आजी घरात मराठी आणि बाजारात कन्नड का बोलते, गाव कर्नाटकात असूनही आपण मराठी कसे, असे तिने विचारले की माझे उत्तर अपुरे पडते. देशाची ओळख तिला समजून-उमजून व्हावी, यासाठी सुरुवात कोठून करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

– एक पालक

*

ताई, सप्रेम नमस्कार.

मी बेळगाव जिल्ह्यात अनेक वर्षे भूगोल शिकवला आहे. मुलीने विचारलेले प्रश्न उत्तम आहेत; आजोळच्या पाण्यापासूनच सुरुवात करावी.

खानापूर तालुक्यातील कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा नदी पूर्वेकडे निघते, सौंदत्तीजवळच्या धरणात अडते, पट्टदकलच्या मंदिरांजवळून जाऊन कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते आणि ते पाणी तेलंगण-आंध्रातून बंगालच्या उपसागराला पोहोचते. त्याच खानापूर तालुक्यातील भीमगडच्या जंगलातून निघणारी म्हादई मात्र गोव्यात उतरते आणि मांडवी या नावाने पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते.

हे नकाशावर बोटाने दाखवून भागत नाही. घट्ट मळलेली कणीक ताटात थापून डाव्या कडेजवळ सह्याद्रीची उंच धार करावी, तिची पश्चिम बाजू तुटलेली आणि पूर्व बाजू हळूहळू उतरती ठेवावी, आणि मुलीलाच चमच्याने धारेवर पाणी सोडू द्यावे. अरबी समुद्रावरून येणारे ढग या डोंगराला अडून वर चढतात, थंड होतात आणि बरसतात. डोंगर ओलांडेपर्यंत त्यांतले बरेचसे पाणी संपलेले असते. म्हणून खानापुरात भात पिकतो आणि त्याच जिल्ह्यातील अथणीकडे ज्वारीची भाकरी ताटात येते. एवढे उमगले की राजस्थानातील बाजरी आणि बंगालमधील भात वेगळे पाठ करावे लागत नाहीत. थोडी मोठी झाली की म्हादईच्या पाण्याचा कर्नाटक आणि गोवा यांच्यातील वादही सांगावा. २०१८ मध्ये पाणीवाटपासाठी नेमलेल्या लवादाने कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले, तरी तो मिटलेला नाही.

भाषेचा प्रश्न अधिक नाजूक आहे, पण तो टाळू नये. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा बेळगाव, खानापूर, निपाणी हा भाग म्हैसूर राज्यात गेला, आणि तोपर्यंत बेळगाव जिल्ह्यात असलेला चंदगड तालुका मुंबई राज्यात आला. तो आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे. म्हैसूरचे नाव कर्नाटक झाले ते १९७३ मध्ये. माणसे होती तेथेच राहिली, राज्य मात्र बदलले. सीमाभागातील मराठी माणसाला याची खंत आहे, महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावाही दाखल केला, आणि हे मुलीला जसेच्या तसे सांगणे आपले कर्तव्य आहे. मात्र ते सांगताना कन्नड भाषकांविषयी तिच्या मनात अढी बसणार नाही, याची काळजी घ्यावी, असे मला कळकळीने वाटते. कुमार गंधर्व बेळगावजवळच्या सुळेभावीत कन्नड घरात जन्मले, मुंबईत गाणे शिकले, मध्य प्रदेशातील देवासला स्थायिक झाले आणि मराठी रसिकांनी त्यांना आपलेच मानले. त्यांनी गायलेली कबीराची भजने लावून हा प्रवास तिला नकाशावर दाखवावा.

आजीच्या बोलण्याविषयी मात्र आजीलाच विचारू द्यावे. कन्नड त्या कोणाकडून शिकल्या, बाजाराला कोणकोणत्या गावची माणसे येतात, शेजारी कोण राहते, हे प्रश्न मुलीने स्वतः लिहून काढावेत आणि फोनवर एकटीने आजीशी बोलावे. तुम्ही मध्ये बोलू नये, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षक